मोटारीला जोडायचा टेप

अप्पा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुमच्याशी बोलावं असं पुष्कळदा वाटलं, पण पूजेला बसायचं, विभूती लावायची, इष्टलिंगाकडे बघायचं आणि उठून चुलीकडे वळायचं, यातच ते राहून गेलं. आज कागद घेऊनच बसले. तुमच्या जावयाला आता ऐकू येत नाही. कमी येतं असं नव्हे, काहीच येत नाही. दोन्ही कान गेले. ते जात होते तेव्हा मला दिसत होतं, आणि मी वेळेवर तोंड उघडलं असतं तर थोडं तरी राहिलं असतं, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. माग चालवणाऱ्याचं होतंच असं, देवाची मर्जी, असं म्हणत गल्लीतल्या बायका येऊन बसून जातात. मी त्यांना चहा करते.

तुम्हाला एक ठाऊक नव्हतं. यांनी मला बघायच्या आधी तुम्हाला ऐकलं होतं. लग्नाला सात-आठ वर्षं झाल्यावर यांनी मला ते सांगितलं. दुधनीला मला बघायला आले त्या सकाळी मंडळी स्टेशनवरून चालत आपल्या दाराशी पोचली, तेव्हा तुम्ही आत अंघोळ करून कानडी वचन गात होता. यांचे मामा कडी वाजवायला गेले तर यांनी त्यांचा हात धरला. ‘थांबा की मामा, संपू द्या.’ सगळी माणसं उन्हात रस्त्यावर उभी राहिली. मला म्हणाले, ‘तुला बघितलं ते नंतर. व्हय म्हणून टाकलं ते रस्त्यावरच.’ मला तेव्हा जरासा रागच आला होता. म्हणजे मी काळी-गोरी कशीही असते तरी चाललं असतं. आता ते आठवलं की जीव गलबलतो, कारण तुमचा आवाज कशातच धरून ठेवलेला नाही, आणि असता तरी यांच्या उपयोगाचा नाही.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला यांचा शेड तुम्ही पाहिला नाहीत. आठ मागांवर सुरू केला, पुढे बारा झाले. टॉवेल आणि चादरी. मी पहिल्यांदा दसऱ्याच्या पूजेला गेले, आत पाय टाकला, तर तो खडखडाट माझ्या छातीतूनच येतोय असं वाटलं. आत कुणी आवाजानं बोलत नाही, कारण बोललेलं पोचतच नाही. नुसते ओठ हलवायचे, बोटं हलवायची. सूत तुटलं, चहा आला, मालक चिडलाय, सगळं असंच सांगतात. थट्टासुद्धा अशीच चालते. एका कामगारानं पलीकडच्याला नुसत्या ओठांनी काहीतरी म्हटलं आणि तो मागाला धरून हसायला लागला, हे मी पाहिलंय. हे त्यांच्यातच वाढलेले, ओठ वाचण्यात पक्के. घरीसुद्धा बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघायची सवय. पाहुण्या बायका अवघडून पदर सावरायच्या. या सवयीमुळे यांचं ऐकणं कमी होत गेलेलं बाहेर कुणाला कळलंच नाही. समोर उभं राहून विचारलं की उत्तर बरोबर येई.

मला कळलं होतं. एका सकाळी यांच्या पाठीमागे माझ्या हातून पितळी परात फरशीवर पडली. शेजारीण काय झालं म्हणून पीठ लागलेल्या हातांनी धावत आली, आणि हे शांतपणे पेपरचं पान उलटत होते. मी शेजारणीला म्हटलं, ‘माझ्या आदळआपटीची सवय झालीय हो यांना.’ ती म्हणाली, ‘आमच्यांना पण असंच करायला पायजे.’ आम्ही दोघी हसलो. ती गेल्यावर मी परात उचलून ठेवली.

त्या वेळी मला तुमचं दुकान आठवायला हवं होतं. मी अकरा वर्षांची असेन. सुट्टीत तुमच्याशेजारी गादीवर बसले होते. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला कमी ऐकू यायचं. तो तुरीचा भाव विचारी, मी सांगे, तो पुन्हा विचारी. शेवटी मी ओरडले आणि हमाल हसले. तुम्ही मला गादीवरून खाली उतरवलंत. ‘अव्वा, मोठ्यानं नको. जवळ जा, तोंड समोर कर, सावकाश सांग.’ मी गेले आणि सांगितलं. तो गेल्यावर तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, ‘भाव त्याला कळला नव्हता. चार माणसं हसली, ते मात्र बरोबर कळलं.’ त्या दिवशी मी जेवले नाही. मॅट्रिकचं सर्टिफिकेट घेऊन आले तेव्हा तुम्ही पेन दिलंत, ते मी जपून ठेवलंय, पण हे बोलणं जपायला हवं होतं ते ठेवलं नाही.

गेल्या वर्षी यांनी एक जुनी मोटार घेतली. तिच्यात रेडिओ होता, स्टिरिओ म्हणतात, मागच्या काचेखाली दोन स्पीकर. रेडिओवर खरखरीशिवाय काही लागत नसे. यांच्या डोक्यात आलं की कॅसेटचा टेप घ्यायचा, हातातून नेता येईल असा, आणि वायरनं गाडीच्या स्टिरिओला जोडायचा. नव्या पेठेतल्या एका दुकानात आम्ही दोघं गेलो. दुकानदार यांच्या ओळखीचा, बोलका. त्यानं दोन टेप पुढे ठेवले. एक मोठा, वर हँडल, पुढे जाळी. दुसरा वहीएवढा, चपटा, काळ्या कातडी पिशवीत, आणि सोबत कानात घालायची एक वायर.

‘दोन्ही गाडीला जोडता येतात?’ मी विचारलं.

‘येतात की वैनी. मोठ्याचा आवाज गाडीत घुमतोय. बारक्याला ही कानातली पन हाय. शेजाऱ्याला तरास न्हाय, आपलं आपुन ऐकायचं.’

यांनी बारका उचलला. दुकानदारानं वचनांची एक कॅसेट घातली, वायरचं टोक यांच्या कानात बसवलं आणि आवाज वाढवत वाढवत नेला. अप्पा, ते मला अजून दिसतं. हे दुकानदाराच्या तोंडाकडे बघत नाहीत, माझ्याकडे बघत नाहीत. रस्त्याकडे बघताहेत. रिक्षा, सायकली, समोरच्या दुकानात साडी उन्हात धरून रंग बघणाऱ्या बायका. आणि यांचे ओठ हलताहेत, गाणाऱ्याच्या बरोबरीनं, शब्दाला शब्द. कितीतरी महिन्यांनी हा माणूस कुणाच्या तोंडाकडे न बघता ऐकत होता.

‘हाच घेऊ की,’ हे म्हणाले, फार मोठ्यानं. दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

मी म्हटलं, ‘कातड्याच्या पिशवीतून देवाचं नाव ऐकायचं का?’

‘अवो वैनी,’ दुकानदार म्हणाला, ‘तबल्याला काय रेशीम लावत्यात व्हय?’ ती दोन गिऱ्हाइकं हसली. ‘आन पिशवी नको तर टॉवेलची शिवा घरी. तुमच्याकडं टॉवेलला काय तोटा हाय?’

मी म्हटलं, ‘एकट्यानं कानात घालून बसायचं, मग घरातल्यांनी काय करायचं? आणि एवढ्याशा वस्तूला एवढे पैसे? मोठा द्या.’

हे माझ्या तोंडाकडे बघत होते, म्हणजे सगळं कळलं होतं. यांनी वायर कानातून काढली. ‘मोठा द्या,’ हेही म्हणाले. ‘घरच्या सरकारचं ऐकायला लागतंय.’ दुकानदारानं मोठा बांधायला घेतला.

कातडं, पैसे, हे सगळं वरवरचं होतं. मला भीती त्या वायरची वाटली. त्याच महिन्यात आमच्या थोरल्या मुलीला एक स्थळ आलं होतं, चांगलं घर, मुलगा शिकलेला. मुलाची आई बारीक चौकशी करणारी. घरात कुणाला साखर आहे का, कुणाच्या अंगावर डाग आहे का, चष्मा कितव्या वर्षी लागला. कानात वायर घातलेला माणूस म्हटला की माझ्या डोळ्यांपुढे बहिऱ्याचं यंत्रच आलं, आणि नव्या पेठेत सगळे एकमेकांना ओळखतात. बाप बहिरा, मग पोरीचं काय, पुढे तिच्या पोरांचं काय, असं कुणीतरी म्हणालंच असतं. त्याच सुमाराला यांनी एकदा जेवताना विचारलं होतं, ‘एकदा कान दाखवून येऊ का?’ मी ताटात भाकरी वाढत म्हटलं, ‘लग्न होऊ दे, मग दाखवू.’ यांनी पुन्हा विचारलं नाही. सात महिने रोज सकाळी डबा घेऊन शेडवर जात राहिले, आणि तो डबा मीच भरून देत होते.

मुलाकडची मंडळी अक्कलकोटला दर्शनाला जायची म्हणाली. हे मोटार चालवत होते, शेजारी मुलाचे वडील, मागे मुलाची आई आणि मी. टेप माझ्या मांडीवर, वायर पुढच्या स्टिरिओला. सोलापूर सोडल्या सोडल्या यांनी हात मागे करून आवाज पूर्ण वाढवायची खूण केली, आणि यांनी मोठा टेप मुकाट्यानं का घेतला ते मला तेव्हा उमगलं. गाडी चालवताना डोळे रस्त्यावर ठेवावे लागतात, ओठ वाचता येत नाहीत. गाणं मोठं असलं की कुणी बोलत नाही, आणि बोललं तरी उत्तराची वाट बघत नाही. मुलाचे वडील मधूनमधून काही विचारत, हे हसून मान हलवत. यांचं बोट स्टिअरिंगवर ताल धरत होतं.

वळसंगाच्या अलीकडे कॅसेटची एक बाजू संपली. गाडीत एकदम शांत झालं. यांचं बोट चालूच. मुलाचे वडील आधी मागच्या स्पीकरकडे बघायला वळले, मग त्या बोटाकडे बघायला लागले. मी मोठ्यानं गायला लागले, तेच वचन, जिथं संपलं होतं तिथून. माझा आवाज तुमच्यासारखा नाही, फाटका आहे. गाता गाता कॅसेट उलटी करून घातली. मुलाचे वडील म्हणाले, ‘टेप थांबला तरी तुमच्या घरचं गाणं थांबत न्हाय की.’ मुलाची आई हसली. संध्याकाळी पसंती सांगितली. मी यांच्याकडे तोंड करून ‘जमलं’ म्हटलं, तेव्हा यांनी हात जोडून कपाळाला लावले.

लग्नात हे शेजारच्याच्या हाताकडे बघत होते. त्याचा हात उठला की यांच्या अक्षता पडायच्या.

पोर सासरी गेल्यावर पंधरा दिवसांनी कानाच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी मला विचारलं, कधीपासून? ‘वर्ष झालं असेल,’ मी पहिल्यांदाच खरं सांगितलं, कारण आता खोट्याची गरज नव्हती. ते म्हणाले, आतल्या शिरा मेल्यात, यंत्र लावून उपयोग नाही. तेव्हाच मागाच्या आवाजातून बाहेर काढलं असतं तर होतं तेवढं टिकलं असतं. हे त्यांच्या तोंडाकडेच बघत होते.

तिथून यांना रिक्षात बसवून मी एकटी नव्या पेठेत गेले आणि तो बारका टेप आणला, कातडी पिशवीसकट. घरी यांच्या कानात वायर घातली, तीच वचनं लावली, आवाज पूर्ण केला. इतका की हातभर लांब उभ्या असलेल्या मला त्या वायरमधून गाणं बारीक ऐकू येत होतं. हे डोळे मिटून बसले. मग वायर दुसऱ्या कानात घातली. मग काढली, नीट गुंडाळली, पिशवीत ठेवून पिशवीचं बटण लावलं. ‘पावती ठिवलीयस न्हवं?’ म्हणाले. ‘परत कर जा. घेतील की, नवीनच हाय.’ मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

मी पूजेला अजून बसते. हात सवयीनं चालतात, पण मागायचं काय ते कळत नाही. त्या सात महिन्यांत मी रोज एकच मागितलं होतं, पोरीचं लग्न नीट पार पडू दे, आणि ते त्यानं दिलं. आता त्याच्यापुढे कान मागायला कोणत्या तोंडानं बसू? वाती विझल्या तरी तशीच बसून राहते, आणि काही वाटत नाही, हेच भयंकर वाटतं.

घरात आम्ही आता पाटीवर बोलतो. ओठ यांना अजून वाचता येतात, पण तेवढा वेळ यांच्यासमोर तोंड धरणं मला जमत नाही. मी लिहिते, हे वाचतात. भाजी काय आणू, शेडवरून कोण आलं होतं, पोरीचं पत्र आलं. माझं अक्षर मोठं आणि स्पष्ट आहे, तुम्हीच गिरवून घेतलेलं. म्हणजे या कागदावरचं अक्षरन् अक्षर यांना वाचता येईल. हे चार पावलांवर, सोप्यात बसलेत. द्यायचा तर हा कागद यांनाच द्यायला हवा, हे मला पहिल्या ओळीपासून ठाऊक आहे. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही वाचून झाल्यावर मान वर करून माझ्याकडे बघणार नाही.

आत्ताच हे आत पाणी प्यायला आले होते. तांब्या ठेवून म्हणाले, ‘एवढं लांबलचक कुणाला?’ मी कागदावर हात ठेवला आणि पाटीवर लिहिलं, ‘पोरीला.’

‘माझा पन आशीर्वाद लिही,’ म्हणाले आणि जाऊन बसले.