मुहूर्ताचा भाव

सोनाळा, १० जून २०१८

चि. पुष्पांजलीस भगवानरावकाकाचा पोटभर आशीर्वाद. वि. वि.

फोन केला का तू मीटिंगमधी, म्हणून पत्र. हसू नको, पण तुह्या कंपनीच्या साईटवर मी पोकर खेळून राह्यलो. अन् जिंकून राह्यलो, माय! मांगच्या साली बोंडअळीनं बीटी कपाशीलेही जुमानलं नाही, तवापासून वावरातून मनच उठलं. वावर गावातल्या उकंडरावले मक्त्यानं कसाले देतो अन् हेच करतो म्हणतो.

फक्त एक खरं सांग. कंपनी पत्ते लावून तं नाही ठेवत? तसं असंन तं वावर देत नाही.

जीव लावतच जाय. उत्तराची वाट पाहतो.

तुहा काका


पुणे, १८ जून

ती. काकांना शि. सा. न. वि. वि.

पत्ते लावलेले नाहीत. ते पिसणारं यंत्र पाहून मीच थक्क झाले. बावन्न पत्त्यांचे क्रम इतके, की अख्ख्या वऱ्हाडातली सरकी दाणा दाणा मोजली तरी त्यांच्या पासंगाला पुरणार नाही. शिवाय कुणीही जिंको, कंपनी प्रत्येक डावातून दलाली कापते. मग पत्त्यांत लबाडी करून ती आपलाच बाजार कशाला बुडवेल?

तिचा लोभ दुसराच आहे. बसलेला माणूस उठू नये. म्हणून नवख्याला आधी कच्च्या खेळाडूंत बसवतात, तो रमला की पक्क्यांपुढे. खामगावच्या मार्केटात हंगामाच्या पहिल्या गाडीला हार, नारळ आणि चढा, मुहूर्ताचा भाव मिळतो ना? त्या बातमीवर गाड्या लोटतात आणि भाव उतरतो. काका, सध्या हार तुमच्या गळ्यात आहे. वावर देऊ नका.

हे मी सांगितल्याचं कुणाला बोलू नका, नोकरी जाईल. माया आहे ती वाढू द्यावी.

पुष्पा


सोनाळा, २ जुलै

चि. पुष्पास आशीर्वाद.

अरे बाप रे! काय डोकं लावलं, काय डोकं! जिंदगीभर खामगावात कापूस इकला, अन् मीच मुहूर्ताचा भाव हंगामाचा समजलो! उकंडरावले नाही म्हटलं. खेळ बंद केला.

पण पुढचं ऐक. लगेच फोनवर निरोप आला, का भगवानराव, तुमची आठवण येते, या, पहिला डाव आमच्याकडून. मी गप्प झालो हे शेजाऱ्याले कळलं नाही, गावाले कळलं नाही, त्या यंत्राले कळलं! तुही काकू गेली तवापासून मले कोणी असं बलावलं नोतं. डाव समजते माय, तरी बोट तिथंच जाते. सरकीची थैली तशीच पडून आहे.

आहे तशी राहा, एवढंच मागणं.

काका


पुणे, ७ जुलै

ती. काकांना शि. सा. न.

तो निरोप कोण पाठवतं ते इथं विचारलं. कुणीच नाही, काका. गप्प झालेल्यांना हाक मारायचं कामही यंत्रालाच दिलंय. तुमचं नाव त्याला ठाऊक आहे, काकू गेल्याचं ठाऊक नाही. मला दोन्ही ठाऊक होतं, आणि मी मीटिंगमध्ये होते.

पुढच्या शनिवारी येते. सरकी आपण दोघं लावू.

तुमची पुष्पा