वाळुंजांच्या राईतला वकील

आदरणीय ब्रिहिदाताईंना फिलेमोनचा दोन्ही हात जोडून नमस्कार.

तुमचा उजवा गुडघा आता कसा आहे? (डाव्याची चौकशी मुद्दाम करत नाही. मागच्या वेळी केली आणि आठवड्यात तोही धरला, असं तुम्हीच कळवलं होतं.) निकानोरभाऊंचं घोरणं कमी झालं असेल, आणि नसेल तर तुम्हाला सवय झाली असेल, अशी आशा आहे. इकडे मी, कुत्रा आणि पाण्याचा पंप, तिघेही खोकत का होईना, पण चालू आहोत.

तुमचा निरोप मिळाला. वकिलाला ग्वायमासला न्यायला तुम्ही येणार, तेव्हा पिंजरा घासून ठेवावा, असं तुम्ही लिहिलंत. पिंजरा घासला आहे. मात्र त्यात वकील नाही, आणि हे एका वाक्यात सांगून मोकळं होता येण्यासारखं नाही, म्हणून हे लांबलचक पत्र.

वकिलावर तुमचा हक्क आहे हे मला मान्य आहे. घरट्यातून पडलेलं ते नकल्या पक्ष्याचं पिल्लू तुमच्या बहिणीने, म्हणजे माझ्या आंपारोने, पदराखाली घेऊन वाढवलं. कोणाचीही बाजू त्याच्याच आवाजात मांडतो म्हणून त्याचं नावही तिनेच ठेवलं. सिलिंडर विकणाऱ्या गॅसच्या गाडीची धून, गावप्रमुख डॉन क्रेसेन्सियोंच्या पंपाचा सुरू होतानाचा खोकला, हे सगळं त्याने उचललं, आणि आंपारोची शीळसुद्धा. ती शीळ मी तुम्हाला काय सांगणार? कापसाच्या शेतातून तुम्हा दोघी बहिणींना घरी बोलवायला तुमचे वडील घालायचे तीच, एक लांब आणि मग वर उडी मारणारी. तुम्हा दोघींची इतकी सारखी, की लग्नाआधी मी एकदा चुकून तुमच्याच दारात येऊन उभा राहिलो होतो (निकानोरभाऊ ते अजून विसरलेले नाहीत). दुपारी जेवण झालं की आंपारो दारातून शीळ घालायची आणि मी राईतून घरी यायचो. ती गेल्यावरही वकिलाने हे काम चालू ठेवलं. दुपार झाली की शीळ, की मी फावडं टाकणार, हात धुणार आणि टेबलाशी येऊन बसणार. चूल थंड. हे एकदा घडलं असतं तर दुःख म्हणता आलं असतं, रोज घडायला लागल्यावर त्याला मूर्खपणाच म्हणायला हवं. शेवटी उन्हाळ्याच्या तोंडाशी मी पिंजऱ्याचं दार उघडलं. वाऱ्याने उघडलं असं शेजारणीला सांगितलंय, तेव्हा तिच्यापाशी तुम्हीही तसंच म्हणा.

आता राईचं. आमच्या नदीचं पाणी वरच्या धरणांतच अडतं हे काही नवीन नाही, पात्रात वाळू आणि काठावर झाऊची झुडपं. ती उपटून आंपारोने आणि मी वाळुंजाच्या नि आलामोच्या फांद्या लावल्या, आणि वाळवंटाच्या मधोमध तुम्ही पाहिलीत तेवढी राई उभी राहिली. तिला उन्हाळ्यात गावसभा कालव्यातून देईल तेवढंच पाणी. सभेचे प्रमुख तेच डॉन क्रेसेन्सियो, आणि त्यांना ते पाणी लसूणघासाला हवं. ‘फिलेमोन, तुझी झाडं कुठलं जनावर खातं का?’ असं मला ते दर वर्षी विचारतात. झाडांचा काही उपयोग दिसावा म्हणून या वर्षी सभेने अट घातली: नदीकाठचा पिवळ्या चोचीचा कोकीळ राईत आला तर पाणी चालू, नाही तर बंद. (हा कोकीळ सहसा आपलं घरटं आपण बांधतो आणि पिल्लं आपणच पोसतो, एवढा भला पक्षी. पण आमच्या काठाला गेली कित्येक वर्षं तो फिरकला नव्हता.)

पक्ष्यांची पाहणी करणारी नेरेइदा मेहिकालीहून येते. तिने मला एक यंत्र दिलं: त्यातून कोकिळाचा आवाज वाजवायचा, मग गप्प राहून उत्तर येतं का ऐकायचं. चुकायला नको म्हणून मी वसंतभर स्वयंपाकघरात सराव केला. त्या वेळी वकील अजून पिंजऱ्यातच होता आणि पिंजरा माझ्या डोक्यावर टांगलेला होता. पुढचं तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही.

जूनच्या सुरुवातीला आम्ही राईत आवाज वाजवला आणि वाळुंजातून खणखणीत उत्तर आलं. नेरेइदाने मला मिठीच मारली. डॉन क्रेसेन्सियोंना बोलावलं, त्यांनी ऐकलं, टोपी काढली, आणि संध्याकाळी कालव्याची फळी वर गेली. ताई, वाळूत पाणी शिरताना जो आवाज होतो तो ऐकत मी तिथेच बसून राहिलो आणि आंपारो नाही म्हणून रडलो. झाडं पानांनी भरली, बेडूक आले, पानापानावर सुरवंट आले. सगळं एका पक्ष्याच्या शब्दावर.

दुसऱ्या पाहणीला तोच पक्षी पुन्हा बोलला. आधी कोकीळ. मग गॅसची गाडी. नेरेइदाने डोळे मिटले.

‘फिलेमोनकाका,’ ती हळूच म्हणाली, ‘या कोकिळाला गॅसची गाडी कुठे भेटली?’

मी उत्तर देणार तेवढ्यात झाडातूनच पंप खोकला आणि त्यामागून आंपारोची शीळ आली, आणि मी (हे लिहिताना लाज वाटते) फावडं टाकून घराकडे चालू लागलो होतो.

नेरेइदा सरळ मुलगी आहे. सभेत तिने आणि मी मिळून खरं ते सांगितलं. डॉन क्रेसेन्सियोंनी विचारलं, ‘म्हणजे उद्या तुझं गाढव ओरडलं तर इथे समुद्र सोडायचा का?’ सगळी सभा हसली, आणि खरं सांगतो, मलाही हसू आलं. शेवटी हात वर करून ठरलं: सांतियागोच्या सणापर्यंत, म्हणजे पंचवीस जुलैपर्यंत मुदत. तोवर खरा पक्षी आला नाही तर फळी खाली आणि वाळुंज डॉन क्रेसेन्सियोंच्या चुलीत.

मी रोज राईत जाऊन बसायचो. वकील समोरच्या तारेवर येऊन माझ्या हातची टॉर्टिया खायचा आणि काही घडायचं नाही. सण उद्यावर आला. त्या दिवशी त्याच्या चोचीत मोठा घास होता आणि तो माझ्याकडे बघत होता, आणि तेव्हा आतून, आलामोच्या दाटीतून, कोकीळ बोलला. (वकिलाला तोंडात घास असताना बोलता येत नाही. माणसांतल्या वकिलांना येतं.) मी धावत जाऊन नेरेइदाला फोन केला. ती आली आणि तिने डोळ्यांनी पाहिला: चोचीत सुरवंट, आणि खाली काटक्यांच्या विरळ घरट्यात दुसरा बसलेला. ती म्हणाली, काका, तो आवाजाने आला नाही, सुरवंटांसाठी आला. सुरवंट पानांसाठी आले, पानं पाण्याने आली. आणि पाणी कोणामुळे आलं ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. फळी वरच आहे. डॉन क्रेसेन्सियो खुर्ची घेऊन बायकोला पक्षी दाखवायला आले होते आणि ‘मी पहिल्यापासून म्हणत होतो’ असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते.

तेव्हा ताई, वकिलाला धरून देणं मला जमणार नाही. घरटं असताना राईत जाळं लावायचं नाही असा नेरेइदाचा सक्त हुकूम आहे. तो मजेत आहे, आणि रोज दुपारी आंपारोची शीळ घालतो. तुम्ही निश्चिंत असा. निकानोरभाऊंना नमस्कार, दोन्ही गुडघ्यांना आराम.

तुमचा,
फिलेमोन

ता. क. – सुकी कोळंबी पाठवणार असाल तर यंदा जरा जास्त पाठवा. डॉन क्रेसेन्सियोंना थोडी द्यावी म्हणतो.

आणखी एक – वर ‘रोज दुपारी शीळ घालतो’ असं लिहिलं ते खरं नाही. जूनअखेरच्या सान हुआनच्या सणापर्यंत घालत होता. आता तो गॅसची गाडी करतो, पंप करतो, खऱ्या कोकिळाशी तासन्‌तास हुज्जत घालतो, पण ती शीळ नाही. राईत ती त्याला ऐकवणार कोण? मला शीळ येत नाही, मी खूप प्रयत्न केला, कुत्रा तेवढा येतो. तुम्हाला येते. तेव्हा पिंजरा आणू नका, नुसत्या या. गुडघा दुखत असेल तर मी बसस्टँडवर गाडी घेऊन येईन. दुपारी राईत उभं राहून तुम्ही ती शीळ घालायची, तो पुन्हा उचलेपर्यंत. मी पलीकडे काम करत असेन, आणि ऐकू आली की हात धुऊन जेवायला येईन.