मालकाच्या रकान्यातलं नाव

तंजावूर,
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

रघुअण्णा,

अखिलाचा नमस्कार. साष्टांग लिहिणार होते, पण तू म्हणशील, एवढी वाकली म्हणजे काहीतरी मागायला आली. काही मागायचं नाहीये. इथे सगळे बरे आहेत. अप्पांचा गुडघा आहे तसाच आहे, आणि डॉक्टरांशी त्यांचं भांडणही. काल अम्मानं डांगर पचडी केली आणि सवयीनं तुझा वाटा वेगळा काढला. तिरुवैयारूला पोचवणार कोण, तर म्हणे अखिला जाईल. बसनं जेमतेम अर्धा तास, आणि मी सात महिने आले नाही. शेवटी ती पचडी मीच खाल्ली.

गायत्रीवहिनी फोनवर सांगत होत्या, तू शेताकडे बघतोस, सकाळी पोरांना मृदंग शिकवतोस. "त्यांना हेच आवडतंय आता," म्हणाल्या. वहिनींना खोटं बोलता येत नाही रे, अण्णा. माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. आणि मुद्दाम नागरीत लिहितेय. ही अक्षरं सुट्टीत बसवून तूच मला शिकवलीस. वहिनींना, राजम काकीला, मुलांना मराठी बोललेलं सगळं कळतं, वाचता एकालाही येत नाही. म्हणजे हे फक्त तूच वाचणार. शुद्धलेखनाला हसून घे.

ऑफिसात आमचं पोर्टल अजून उभं आहे. वहिनींना तू किती छान समजावलं होतंस: कंपनीत सहाशे यंत्रं आहेत, कुठलं काय करतं आणि बिघडलं तर कुणाला हाक मारायची, ती वही अखिलाकडे असते. वही चांगली आहे रे, पण भरायची कुणी? दीड वर्ष मी टीमच्या मागे लागले. मेल, आठवण, परत आठवण. माझ्या शेजारी बसणाऱ्या भुवनानं तर जाहीर केलं, जी टीम आपली माहिती भरेल तिला डबाभर मुरुक्कू. मुरुक्कू संपला, रकाने रिकामे. "आणखी एक फॉर्म?" म्हणून सगळे कपाळाला हात लावायचे. त्यांचंही बरोबर होतं, त्यांना स्वतःचं काम होतं. पण प्रतापसिंह सरांना वरून सांगितलेलं होतं, मार्चअखेर सगळे रकाने हिरवे दिसले पाहिजेत. आणि दोनशे चौदा सेवांपुढे, म्हणजे तुझ्या त्या यंत्रांपुढे, मालकाचा रकाना कोरा: बिघडलं तर हाक कुणाला मारायची, पत्ता नाही.

मग मी काय केलं, ते... थांब, आधी करंट बिलाचं सांगते.

परवा करंटवाला आला आणि विचारलं, "सुब्रह्मण्यराव आहेत का?" आजोबांना जाऊन बावीस वर्षं झाली. अम्मा आतून म्हणाली, "आहेत, काय पाहिजे?" मी हसत सुटले. आपल्या घराची रीतच आहे ना! करंट आजोबांच्या नावावर, गॅस अजून काकांच्या, आणि काका गेल्यापासून लग्नपत्रिका असो, देवळाची वर्गणी असो, जिथे नाव लागेल तिथे तुझं. विचारायचं कशाला, रघु काय नाही म्हणणार आहे?

अण्णा, मार्चमध्ये मी तेच केलं. जुन्या याद्या काढल्या आणि दोनशे चौदा रकान्यांत कुणाकुणाची नावं भरून टाकली. न विचारता. पार्सलच्या चिठ्ठ्या छापणाऱ्या सेवेपुढे तुझं. ती तू तीन वर्षांपूर्वीच दुसऱ्या दोघांना सोपवली होतीस, हे मला माहीत होतं. ज्यांना सोपवलीस ते दोघंही कंपनी सोडून गेले होते, हेही माहीत होतं. एका दुपारीत सगळं हिरवं झालं आणि सरांनी माझी पाठ थोपटली.

एप्रिलमध्ये काकांच्या तिथीला तू वडिलांचे पिंड द्यायला कावेरीच्या घाटावर बसला होतास, फोन घरी. सकाळी दहाला ती सेवा बंद पडली. माझ्या पोर्टलनं तुला सतरा वेळा फोन केला. चार तास गोदामांत गाड्या उभ्या. अहवालात आलं, मालकानं प्रतिसाद दिला नाही. चौकशीत तुला विचारलं, "ही सेवा तुमची का?" तू म्हणालास, "नाव माझं आहे." मी समोरच बसले होते, आणि वहीत डोकं घालून बसले. आठवड्यानं तू राजीनामा दिलास.

तुला काही माहीत नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. गेल्या आठवड्यात तुझ्या टीममधला विघ्नेश चहा पिताना म्हणाला, "चौकशीच्या आधी अण्णांनी पोर्टलवरचं बदलांचं पान उघडलं होतं. कुणी कधी काय लिहिलं, ते पाहिलं आणि गप्प बंद केलं." त्या पानावर माझं नाव आहे, तारखेसकट.

चुकलं माझं, अण्णा. लाज वाटते. आणि खरं सांगू, तुझा रागही आला. गप्प राहून मला वाचवायला कुणी सांगितलं होतं तुला? तुझं नाव लिहिताना मी विचारलं नाही, आणि माझं नाव झाकताना तूही विचारलं नाहीस!

आता ऐक. परवा शुक्रवारी सगळ्या शहरांतल्या ऑफिसांपुढे मला बोलायचंय, तंजावूरनं शंभर टक्के रकाने कसे भरले यावर. सोमवारी सकाळी मी ती दोनशे चौदा नावं पुसली. पडदाभर लाल. प्रतापसिंह सर धावत आले. मी त्यांना मार्चचं आणि एप्रिलचं सगळं सांगितलं. ते खुर्ची ओढून पडद्यापुढे बसले. मग म्हणाले, "हे शुक्रवारनंतर नाही का सांगता येणार?"

"नाही, सर."

"मी तुला वाचवू शकणार नाही, अखिला."

"वाचवू नका, सर. विचारायला दोन माणसं द्या."

माणसं दिली नाहीत, पण अडवलंही नाही. तेव्हापासून भुवना आणि मी एकेका टीमला फोन करतोय: ही सेवा तुमची का? बिघडली तर धावाल का? हो म्हणाले तरच नाव लिहायचं. आजपर्यंत एकोणचाळीस झाले. उरलेले रकाने कोरे राहतील आणि शुक्रवारी कोरेच दाखवीन. चिठ्ठ्या छापणाऱ्या सेवेपुढे सध्या माझं नाव आहे. ती कशी चालते ते तीन दिवस शिकतेय. काय गुंता करून ठेवलायस रे! शुक्रवारी सगळ्यात आधी ते बदलांचं पान दाखवणार आहे, माझ्या नावासकट. एप्रिलचा अहवाल बदला, असं लेखी दिलंय. नोकरी राहील की जाईल, माहीत नाही. भीती वाटते, पण बोलणार.

तू कामावर परत ये, असं म्हणत नाही. ते तुझं तू ठरव. शनिवारी पहिल्या बसनं येतेय, पचडीचा डबा घेऊन. यावेळी वाटेत खाणार नाही.

काही मागायचं नाही म्हणाले होते, पण एक मागते. वहिनींना आणि काकीला वाटतं, चूक तुझी होती. त्यांना समोर बसव आणि हे पत्र पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचून दाखव. मधलं काही गाळू नकोस. खालचं नावसुद्धा वाच.

ते मीच लिहिलंय,
अखिला