कवितेखालची मोकळी ओळ

सेलू,
शुक्रवार, दुपार

प्रिय जयवंता,

पाकिटावर 'सौ.' घालायचं की 'श्रीमती', ते ठाऊक नव्हतं, म्हणून नुसतं 'जयवंताबाई' लिहिलं. आत मात्र ते 'बाई' लावता येईना. आपल्या दोन घरांत एकच भिंत होती. तुमच्या आटाचक्कीचा पट्टा फिरायला लागला की आमच्या दुकानातल्या फळीवरच्या शाईच्या दौती थरथरायच्या, आणि तू भिंतीपलीकडून ओरडायचीस, "तारू, पाठ करून राह्यला का झोपून राह्यला?" त्या तारूचं हे पत्र आहे. साठ वर्षं झाली, अक्षर अजून बरं आहे. तेवढंच बरं राहिलंय म्हण.

आधी इकडचं सांगतो. वह्या-पुस्तकांचं दुकान तिथंच आहे, आता सून मंजुषा पाहते. धीरज, माझा मुलगा, वर्ध्याला नोकरीवर जाऊन-येऊन करतो. शकुंतला जाऊन चार वर्षं झाली. ती गेल्यावर मी दुकानात नुसता बसायचो. तुला आठवत असेल, जूनमध्ये नव्या पुस्तकांचे गठ्ठे आले की सुतळी कापून मी आधी मराठीच्या पुस्तकातल्या कविता वाचायचो, गिऱ्हाईक उभं राहिलं तरी. बाबांनी त्यापायी कितीदा कान पिळला. ती खोड जन्मभर सुटली नाही. एकदा गठ्ठा सोडता सोडता मी आपला जुनी चौथीची कविता म्हणत होतो, आणि मंजुषानं मला न सांगता मोबाइलवर ते घेतलं. आठ दिवसांनी म्हणाली, "बाबा, तुमाले चार हजार लोकांनी पाह्यलं." मला वाटलं दुकानात चोरी-बिरी झाली, म्हणून पाहिलं.

तिथून ते सुरू झालं. 'दुकानातल्या कविता' असं तिनं नाव ठेवलं. दर रविवारी सकाळी मी गल्ल्यावर बसायचो, ती समोर स्टँडच्या काडीवर मोबाइल लावायची. रीत आपल्या लोहकरे गुरुजींची. आधी कवीचं नाव, हात जोडून, मग इयत्ता, मग कविता, पुस्तकात न पाहता. नाव विसरलं तर गुरुजी म्हणायचे, "ज्याच्या घरी जेवला त्याचं नाव ठाऊक नाई, आणि ढेकर देऊन राह्यला." मी ते व्हिडिओत सांगायचो, लोक खूश व्हायचे. दुबईहून एका बाईनं लिहिलं की तिची पोरं आता जेवताना हात जोडून स्वयंपाक करणाऱ्याचं नाव घेतात. या वयात डोकं फिरायला एवढं पुरे असतं, जयवंता.

वर्षभरात पाठ होतं ते सगळं संपलं. एका रविवारी बसलो तर आत काहीच नाही. विहिरीत बादली सोडावी आणि ती कोरडी खडखडत वर यावी तसं. धीरज म्हणाला पुस्तकातून वाचा. पण वाचणं वेगळं, म्हणणं वेगळं, ते त्याला कसं समजावू. स्वतःचं काही लिहायला बसलो तर चार ओळींत चारही यमकं जुळली आणि अर्थ एकही नाही. पहाटे बोर नदीकडे फिरून आलो, जुन्या पुस्तकांचा वास घेऊन पाहिला, चहा सोडला, पुन्हा धरला. नत्थूजी न्हाव्यानं दाढी करता करता उपाय सांगितला, "शेटजी, महिनाभर दिसूच नका. लोकायले वाटंल हिमालयात गेलते. आल्यावर काईबी बोला, चालते." सहा रविवार मंजुषा मोबाइल लावायची आणि मी घसा साफ करायचो. ती गिऱ्हाईक करायची, पुन्हा येऊन उभी राहायची. त्या सुनेला मी रिकामा वाटू नये, एवढंच तेव्हा मनात होतं. हे मी सबब म्हणून सांगत नाही. कसं घडलं ते तुला कळावं म्हणून सांगतो.

माळ्यावर जुनी पुस्तकं शोधताना तिला एक वही सापडली. आपल्या नववीच्या हस्तलिखित अंकाची कच्ची वही. त्या वर्षी सगळ्या वर्गाचं लिखाण मीच उतरवलं होतं. अक्षर चांगलं म्हणून गुरुजींनी ते काम मला दिलं होतं. कोणाची गोष्ट, कोणाचं कोडं, कोणाची कविता, सगळं माझ्याच अक्षरात. मंजुषानं मधलं पान उघडलं आणि उभ्या उभ्या मोठ्यानं वाचलं:

जिनिंगच्या वाटेवरती
बाभळीला कापूस लागे,
ज्याचा होता तो गेला पुढती,
काट्याला राहिले धागे.

पुढची तीन कडवी तुला ठाऊक आहेत. वाचून झाल्यावर ती पायरीवर बसलीच. म्हणाली, "बाबा, हे तुमचंच अक्षर ना?" मी म्हणालो, हो. "मंग असं लेयता येते तर सहा रविवार काऊन बसून राह्यले?" त्या वहीत बाकी सगळ्यांची नावं होती. त्या एका कवितेखाली नव्हतं. का नव्हतं, ते मी तुला तेव्हाच सांगितलं होतं. त्याकडे येतो, जरा धीर धर.

मी खोटं बोललो नाही. म्हणजे तोंड उघडून बोललो नाही. रविवारी गल्ल्यावर बसलो, हात जोडले, आणि पहिल्यांदा कोणाचंही नाव न घेता कविता सुरू केली. घसा मोकळा झाला होता. इतकी सुंदर मी कधीच म्हटली नसेल. आणि ज्या माणसानं वर्षभर प्रत्येक कवितेआधी कवीचं नाव घेतलं, त्यानं आज घेतलं नाही, म्हणजे ही त्याची स्वतःची, असं ऐकणाऱ्यांनी आपणहून धरलं. मंजुषानं खाली तसं लिहूनही टाकलं. मी वाचलं, आणि चष्मा पुसत बसलो.

तो व्हिडिओ सगळ्यात जास्त चालला. किती, ते आकडे लिहायची लाज वाटते. हिंगणघाटच्या एका जिनिंगमधल्या हमालानं लिहिलं की तीस वर्षं कापूस वाहिला, पण बाभळीकडे आज पाहिलं. आपल्या शाळेला पंचाहत्तर वर्षं होताहेत. माजी विद्यार्थ्यांची कमिटी आली, नारळ दिला, आणि रस्त्याकडच्या भिंतीवर कविता रंगवायचं ठरवून गेली. खाली नाव, 'कवी ताराचंद', मोठ्या अक्षरात. मी नारळ घेतला. "कशाला एवढं," असंही म्हणालो. ते नको म्हणणं नव्हतं, तुला कळतं.

पण त्यानंतर जे झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही. पुढच्या रविवारी बसलो तर पहिलीची कविता आठवेना. जी मी शकुंतलाला लग्नाच्या पहिल्या आठवड्यात म्हणून दाखवली होती आणि ती पदरात तोंड घालून हसली होती, तीही नाही. आधी पाठ केलेलं संपलं होतं. आता पाठ असलेलंच जाग्यावर नव्हतं. कवीचं नाव घ्यायला हात जोडले की जीभ टाळ्याला चिकटायची. मंजुषाला वाटलं अर्धांगाचा झटका येतो की काय. डॉक्टरकडे नेलं. त्यानं दोन्ही हात वर करायला लावले, हसायला लावलं, आणि सांगितलं, काका ठणठणीत आहेत.

मग त्या व्हिडिओखाली एक ओळ आली. कारंजा घाडग्याहून, म्हणजे तुझ्या सासरच्या गावाहून, रक्षा नावाच्या बाईची. मंजुषानं ती गिऱ्हाइकांसमोर मोठ्यानं वाचली: "काका, ही कविता माझी आई भाकरी थापताना म्हणायची. कोणाची म्हटलं तर म्हणे, शाळेत होती." त्यावर मंजुषानं माझ्या वतीनं जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं. आणि मग पेन्सिलींचा डबा हातात तसाच धरून माझ्याकडे पाहिलं. "बाबा, कविता तुमच्या वहीतली. हिच्या मायले कशी येते?"

'शाळेत होती.' तू स्वतःच्या लेकीलाही सांगितलं नाहीस, जयवंता.

आता ते सांगतो. संमेलनाच्या दिवशी हस्तलिखित टेबलावर मांडलं होतं, हिरव्या कापडावर. तू पान उघडलंस, शेवटच्या ओळीखाली बोट फिरवलंस आणि मला विचारलंस, "नाव काऊन नाई?" मी म्हणालो, "गुरुजी म्हणाले, पोरींची नावं टाकायची नाई." तू "बरं" म्हणालीस आणि वही मिटलीस. नीट, कोपरे जुळवून. पुढच्या वर्षी तुझं लग्न झालं. त्या मधल्या वर्षात तू एक ओळ लिहून दिली नाहीस, आणि गुरुजी समोरून आले की खाली मान घालून जायचीस.

गुरुजींनी तसं काही म्हटलंच नव्हतं. त्यांनी आपल्या दोघांच्या कविता एका दिवशी वाचल्या होत्या. माझी वाचून म्हणाले, "ताराचंद, यमकं छान." तुझी वाचून बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले, कागद हातात तसाच. ते पाहत राहणं मला सहन झालं नाही. उतरवताना तुझी शेवटची ओळ संपली, खाली बोटभर जागा होती, टाक दौतीत बुडवलेला होता. मी टाक पुसला आणि दौतीला बूच लावलं. एवढंच. पक्क्या प्रतीतही तसंच. गुरुजींनी तपासताना विचारलं तर म्हणालो, जयवंताच नको म्हणते. त्यांनी मान डोलावली. दोघांना दोन गोष्टी सांगितल्या, आणि तुम्ही दोघं एकमेकांना कधी विचारणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. पंधरा वर्षांच्या पोराला ते कसं ठाऊक असतं, देव जाणे.

निवृत्त झाल्यावर गुरुजी एकदा दुकानात रिफिल घ्यायला आले होते. म्हणाले, "चक्कीवाल्याची जयवंता चांगलं लेयत होती. माझ्यावर काय राग होता तिचा, समजलंच नाई." मी त्यांच्या पेनात रिफिल बसवली, कागदावर चालवून दाखवली, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलो. तेव्हा सांगता आलं असतं. ते गेले. त्यांचं आता काही करता येत नाही.

हे सगळं मी मंजुषाला त्याच दुपारी सांगितलं, दुकानात, अर्धं शटर ओढून. ती ऐकत होती. मग म्हणाली, "म्हंजे दोन महिने मीच लोकायले खोटं दाखवून राह्यली. माहेरी बी धाडला मी तो." मला रागावली असती तर बरं झालं असतं. ती डोळे पुसून उठली, मोबाइल काडीवर लावला, आणि म्हणाली, "आता हेच बोला, बाबा. दुसरं काई येनारच नाई तुमाले." बोललो. नऊ मिनिटं, एकदाही न अडखळता. सहा रविवार आणि मग दोन महिने जे बूच घशात होतं ते निघालं. त्यात माझं नाव आहे, गुरुजींचं आहे. तुझं घेतलेलं नाही. 'एका मुलीची कविता' एवढंच म्हणालो. तो व्हिडिओ अजून कोणाला दाखवलेला नाही, पण जुना त्याच दिवशी काढून टाकला.

शाळेतही गेलो. कविता भिंतीवर चढली होती, शेवटची ओळ ओली होती. अंकुश पेंटर माझ्या नावाची आखणी करत होता. मी हेडमास्तरांना आणि त्याला तिथंच उन्हात सगळं सांगितलं. हेडमास्तर चपलेनं माती उकरत राहिले. अंकुश शिडीवरूनच म्हणाला, "मंग काका, कोनाचं टाकू? मोकळं तर बरं दिसत नाई." मी म्हणालो, विचारतो. म्हणून हे पत्र. माफी मागायला लिहिलं असं नको समजू; ती मागायचं तोंड मला नाही. मला फक्त विचारायचं आहे की खाली काय लिहायचं. माहेरचं नाव, सासरचं नाव, नुसतं जयवंता. की काहीच नको, आणि भिंतच पांढरी करायची. त्या नऊ मिनिटांचंही तू म्हणशील तसं. जे असेल ते सोबतच्या कोऱ्या कागदावर तुझ्या हातानं लिही. अक्षर कसंही असो, अंकुश जसंच्या तसं भिंतीवर उतरवतो, मी विचारून घेतलं आहे. तिथं माझा हात लागायला नको. परतीचं पाकीट ठेवलं आहे. त्यावर पत्ता शाळेचा घातला आहे, माझा नाही, म्हणजे तुला मला काही लिहावं लागणार नाही.

तुझाच शेजारी,
ताराचंद