खाटेखालची काच

आप्पा, तुमची गाडी मी भंगारात घातली, हे आधी ऐका. तुमच्यामागं दहा वर्षं चालवली, मग पार्ट मिळेनात. कुरकुंभ रस्त्यावरचा भंगारवाला गाडीच्या नाकावरचा सिंह बघून म्हणाला, "मॅडम, ये फ्रेंच गाडी अब दिखती कहाँ है." दिसणार कशी? दौंड-शिरूरकडची अशी जी गाडी बंद पडायची ती तुम्ही विकत घेऊन खोलायचात. कुणाचे दिवे, कुणाचे दरवाजे, सगळं आपल्या घरात. दुसऱ्यांच्या मारून आपली एक जगवलीत आणि वर गावाला सांगायचात, "दणकट हाय म्हणून टिकली." मला तुमची लाज वाटायची. अजून वाटते.

आई न्हाणीत पडली, पाय मोडला, त्या दिवशी तुम्ही गाडीवरची ताडपत्रीसुद्धा काढली नाहीत. रस्ता खणलाय, गाडी खालून घासंल, म्हणालात. बायको कण्हत होती आप्पा. शेवटी शेजारचे चाचा, कंपनीत तुमच्याच शिफ्टला असणारे, स्वतःची गाडी घेऊन आले. तीच फ्रेंच गाडी, रंगही तोच. आईला दौंडला पोचवून परत येताना पुढच्या डंपरमधली खडी उडाली आणि त्यांची पुढची काच फुटली. महिन्याभरानं ते आपल्या दारात उभे. "भाऊ, एखादी काच हाय का तुमच्याकडं? सगळीकडं फिरलो, कुठंच घावंना." तुम्ही त्यांच्या डोळ्यात बघून म्हणालात, "न्हाई बा." आणि काच आतल्या खोलीत आईच्या खाटेखाली होती, तिच्याच गोधडीत गुंडाळलेली. प्लास्टरातला पाय घेऊन आई वर पातळ चादरीत कुडकुडत होती. माणूस इतका कोडगा कसा होतो, हे मला कधी कळलं नाही.

चाचांची गाडी तेव्हापासून चिंचेखाली उभी आहे. आता इकडं तेवढी एकच उरली. नातीच्या लग्नाला त्याच गाडीतून शिरूरला जायचं म्हणतात. बाकीचं काम मेकॅनिक करून देणार होता, फक्त काच अडली होती. रविवारी मी ती नेऊन दिली. त्यांनी गोधडी सोडली, नीट घडी घातली आणि माझ्या हातात ठेवली. "ही वहिनींची हाय." मग काचेवरून हात फिरवत विचारलं, "कवा घावली गं?"

"आत्ताच," मी म्हटलं. "घर आवरताना."

हे तुम्हाला पोचणार नाही, म्हणूनच लिहिते. तुम्ही 'न्हाई बा' म्हणालात तेव्हा मी आत त्याच खाटेवर बसून आईला चहा पाजत होते. गोधडीतली काच माझ्या टाचेला लागत होती. तोंड उघडलं असतं तर चाचा दारातच होते. पण आदल्याच आठवड्यात तुम्ही म्हणाला होतात, गाडी तुझ्या नावावर करीन.