तुमच्या नावावरचं पुस्तक

प्रिय बाबा,

काल, तुमच्या तेरवीच्या दुसऱ्या दिवशी, एक अनोळखी गृहस्थ घरी आले, म्हणून हे पत्र. आईनं त्यांना पाणी दिलं. ते "वाईट झालं जी" म्हणाले आणि मग बराच वेळ रेडिओवर ठेवलेल्या पुस्तकाकडे पाहत बसले. आईला वाटलं, तुमच्या लकडगंजच्या, लाकूड कापायच्या आरामशीनवरचे कोणी असतील. शेवटी त्यांनीच घसा खाकरला. "ते पुस्तक वाचनालयाचं हाय न? त्यायच्यानंतर माझा नंबर हाय जी."

मला हसू आलं. काय करणार? तुम्हीही या पुस्तकापायी काय कमी केलंत?

हिमालयाच्या प्रवासाचं हे पुस्तक अख्ख्या वाचनालयात एकच. दिवाळीआधी नंबर लावलात. आरामशीनवरून सुटलात की सायकल रोज तिकडेच! काउंटरवरचे बाबू मान वर न करता म्हणायचे, "बाहेर गेलं आहे." कपाटांना कुलूप, पुस्तकाला हात लावायची सोय नाही. चिठ्ठीवर तीन नावं लिहून द्यायची आणि चौथंच पुस्तक घेऊन घरी यायचं. लोणच्या-मुरंब्यांचं एक पुस्तक तुम्ही असंच आणलंत आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलंत. आठवतं?

एकदाचा नंबर आला, तर तुम्ही उमरेडला लग्नात! वेळेत नेलं नाही म्हणून पुन्हा रांगेच्या शेवटी. किती चिडला होतात! "विकत घ्या न एखादं," आई म्हणाली, तर तिच्यावरच उखडलात. "काहून? माझा नंबर हाय न!" हा हट्ट मला कधीच कळला नाही.

आणि एवढी वाट पाहून मिळालं, तर अर्ध्यावर सोडून गेलात. याचा मला राग आहे, बाबा. स्पष्टच लिहितो.

काल आई पुस्तक द्यायला तयार होईना. उचलून पदराखालीच घेतलं. मुदत संपली, हे तिलाही माहीत आहे. पण पुस्तक परत गेलं की तुमचं सभासदत्व संपणार. रेशनकार्डातून नाव कमी करायचा अर्ज काकानं दिला, आरामशीनवर तुमच्या खुर्चीत दुसरा माणूस बसला. "वाचनालयात तरी हायेत न ते अजून?" ती म्हणाली. गृहस्थांनी मान खाली घातली. "राहू द्या बाई, मले घाई नाही," म्हणाले आणि चहा न घेताच गेले. त्यांच्या जागी तुम्ही असता, तर असे उठला असता का? मला शंका आहे.

आज सकाळी आईनंच पुस्तक माझ्यापुढे ठेवलं, स्वच्छ पुसून. "नेऊन दे. तो माणूस वाट पाहून राहिला असन. पण ते लोक नाव खोडतीन न, तवा तू तिकडं पाहू नको गा."

संध्याकाळी जातो आहे. आईला दिला तोच शब्द तुम्हालाही देतो. बाबूंनी पेन उचललं की मी रस्त्याकडे तोंड करून उभा राहीन.

तुमचा,
वसंता