वाटीवाटीनं शिकलेली क्रियापदं

सर, तुमच्या ओट्यावर मी पहिल्यांदा बसले ते दुष्काळाचं साल होतं. फ्रेंच बोलणारे पाहुणे आपल्या दूध सोसायटीला मदत द्यायला येणार होते आणि दोन्हीकडचं बोलणं समजावणाऱ्या माणसाला सोसायटी पगारावर ठेवणार होती. माझी शाळा सुटलेली, पण शिकायचं वेड लई. तुम्ही हैदराबादेत पाद्र्यांकडे फ्रेंच शिकलेले. टँकरवरची भरली कळशी तुमच्यापुढं ठेवायची आणि मग क्रियापदं म्हणायची, चुकीगणिक त्यातलं वाटीभर पाणी जाणार, उरेल ते घरी न्यायचं, ही तुमची अट.

आपण मराठी माणसं लिहिलेलं सगळं बोलून मोकळे होतो. तुम्ही म्हणता, "शेवटची अक्षरं गिळ. दोन स्वरांमधलं व्यंजन पुढच्या तुकड्याला जोड. फि-नि-सों, म्हंजी आपण संपवतो." मी 'फि-निस-सोन्स' म्हणते. तुम्ही कळशीतलं वाटीभर पाणी काढून मोगऱ्याला घालता. "कावून गं, तोंडात भाकर हाय का? पुन्हा म्हण." 'पार्ले' म्हणजे बोलणं, त्याच्या जागी 'पार्लेर' म्हटलं, गेली दुसरी वाटी. घरी आई अर्ध्या कळशीकडं बघायची. "शिक बाई, पन तुज्या शिकण्यापायी आमी वाळाय लागलो." मोगरा मात्र त्या उन्हाळ्यात लगडून गेला.

पाहुणे आले त्या दिवशी मी न अडखळता बोलले. पाहुणी बाई हसून मान हलवत होती. चेअरमन म्हणाले, "लई झकास की, पोरी!" तेवढ्यात तुम्ही काठी आपटत पुढं आलात. "पोपटपंची हाय, चेअरमनसाहेब. शेणात हात घालणारी पोर ही, तिला म्हशीच बघू द्या." सगळे हसले. माझ्यासाठी मांडलेल्या खुर्चीवर तुम्ही बसलात, पगारही तुम्हालाच सुरू झाला. मी दुधाच्या बादल्या घासायला गेले.

पुढं जुनी पुस्तकं, रेडिओ, जे हाती लागेल त्यावर शिकत राहिले. आता माझ्या ओसरीत कॉलेजची पोरं येतात. त्यांना आधी चहा पाजते, मग शब्दाचे तुकडे पाडायला बसवते. "काकू, तुमचा उच्चार लई साफ हाय," म्हणतात. तो तुमचा आहे, हे त्यांना सांगत नाही.

हे पत्र टपालात टाकणार नाही. पण एक सांगते. तुम्ही गेल्याची बातमी आली तेव्हा आम्ही जेवायला बसलो होतो, पुरणपोळी होती. गुरू गेल्याचं ऐकल्यावर माणूस हातातला घास ठेवून उठतो. माझ्यासाठी घरातले सगळे उठले. मी बसून राहिले, अजून एक पोळी वाढून घेतली आणि वर तूप ओतलं. लई गोड लागली, सर.